डॉल्फिन थेरपी : पालकांची आशा, डॉल्फिनची कैद

मूल अडीच वर्षांचं होतं, तरी हाक मारल्यावर वळून बघत नाही. डॉक्टर ऑटिझमची शक्यता सांगतात आणि घरातली झोप उडते. मग जो जे सांगेल ते करून बघायची घरच्यांची तयारी असते. अशाच वेळी कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवतं. निळंशार पाणी, लाइफ जॅकेट घातलेलं एक मूल, त्याच्या गालाला तोंड लावणारा डॉल्फिन आणि काठावर डोळे पुसणारी आई. खाली पत्ता असतो फ्लोरिडाचा, तुर्कस्तानाचा, नाहीतर कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाचा.

तो व्हिडिओ पाहून पैशांची जुळवाजुळव करणाऱ्या आईवडिलांना मी कधीही नावं ठेवणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केली असती. माझा राग आहे तो त्यांच्या आशेवर चाललेल्या धंद्यावर. या धंद्यात दोघं भरडली जातात. एक ते मूल आणि दुसरा पाण्यातला तो जीव. या उपचाराविषयी जे काही कानावर येतं, ते एकेक तपासून पाहू.

गैरसमज : डॉल्फिन थेरपी ही सिद्ध झालेली उपचारपद्धती आहे.

ही कल्पना फ्लोरिडात रुजली. बेट्सी स्मिथ या अभ्यासक बाईंनी १९७१ मध्ये आपल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या भावाला दोन तरुण डॉल्फिनबरोबर पाण्यात उतरवलं. एरवी दांडगाई करणारे ते डॉल्फिन त्याच्याशी फार सौम्यपणे वागले, असं त्यांना दिसलं. त्यातून पुढे ऑटिझम असलेल्या मुलांसाठी त्यांनी प्रयोग सुरू केले. जाहिरातींमध्ये इथवरची गोष्ट असते. पुढची नसते. १९९२ मध्ये स्मिथबाईंनी स्वतःच हे काम थांबवलं. पाळीव प्राण्यांच्या सोबतीतही तसाच परिणाम साधतो, मग त्यासाठी डॉल्फिनला कोंडून ठेवणं योग्य नाही आणि अगतिक पालकांकडून पैसे घेणंही योग्य नाही, या निष्कर्षावर त्या आल्या. ज्यांनी ही वाट पाडली त्यांनीच ती सोडली, आणि बाजार मात्र त्यानंतरच वाढला.

बाजाराला शास्त्राचा आधार मिळाला तो डेव्हिड नॅथन्सन या मानसशास्त्रज्ञाच्या शोधनिबंधांमुळे. नव्वदच्या दशकात त्यांनी फ्लोरिडातल्या आपल्या केंद्रातल्या मुलांवर अभ्यास छापले. मुलं जास्त लक्ष देतात, जास्त बोलतात, लवकर शिकतात, असे ते दावे होते. एमरी विद्यापीठातल्या लोरी मरिनो आणि स्कॉट लिलिएनफेल्ड यांनी १९९८ मध्ये हे अभ्यास बारकाईनं तपासले. २००७ मध्ये त्यानंतरचे आणखी पाच अभ्यास पाहिले. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच निघाला. या उपचारानं मनाला थोडा वेळ बरं वाटण्यापलीकडे काही होतं, याचा विश्वासार्ह पुरावा नाही.

पुरावा नाही म्हणजे नेमकं काय चुकलं, हे पालकांनी समजून घ्यायला हवं, कारण हीच चूक इतर अनेक 'चमत्कारी' उपचारांतही सापडते. केंद्रावर त्या तासाभरात मुलाच्या वाट्याला काय काय येतं ते पाहा. परदेशी सहल झालेली असते. आईबाबा दोघंही सुटीवर असतात, ऑफिसचे फोन बंद असतात. मूल कोमट पाण्यात असतं. एक प्रशिक्षित थेरपिस्ट फक्त त्याच्यासाठी असतो. त्यानं काही केलं की लगेच कौतुक आणि बक्षीस. यात डॉल्फिनचा वाटा किती, हे कळायचं तर बाकी सगळं तसंच ठेवून केवळ डॉल्फिन वगळलेला दुसरा गट हवा. बहुतेक अभ्यासांत असा गट नव्हता, आणि जिथे होता तिथे तो बरोबरीचा नव्हता. त्यात मूल सुधारलं की नाही हे सांगणारे बरेचदा पालक किंवा केंद्राशी जोडलेली माणसं. लाखो रुपये मोजून आलेल्या आईला बदल दिसणारच. ती खोटं बोलत नसते. तिला तो खरोखरच दिसतो.

'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००५ साली आलेला अभ्यासही हमखास पुढे केला जातो. तो हाँडुरसमध्ये झाला आणि मुलांवर नव्हताच. सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या ३० प्रौढांपैकी निम्मे डॉल्फिनबरोबर पोहले, निम्मे प्रवाळांवरून पोहले. दोन आठवड्यांनी पहिला गट अधिक बरा दिसला. या अभ्यासात तुलनेसाठी गट होता, ही जमेची बाजू. पण आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकाला माहीत होतं. एवढ्या लांब येऊन ज्यांना डॉल्फिन मिळाला नाही, ते हिरमुसले नसतील कशावरून? आणि इतक्या थोड्या माणसांवरच्या दोन आठवड्यांच्या प्रयोगावरून लहान मुलांच्या मेंदूविकासाचं औषध काढायचं, हा तर अन्यायच.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट खुद्द नॅथन्सन यांच्याच एका निबंधात आहे. २००७ मध्ये त्यांनी खरा डॉल्फिन आणि हुबेहूब हलणारा यांत्रिक डॉल्फिन यांची तुलना केली. तीव्र अपंगत्व असलेली मुलं यांत्रिक डॉल्फिनबरोबरही तितकाच, किंबहुना अधिक वेळ रमली. याचा सरळ अर्थ असा, की जिवंत डॉल्फिन या उपचारात आवश्यक आहे असं त्याच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्यालाही दाखवता आलं नाही. त्यानंतर तरी टाक्या रिकाम्या व्हायला हव्या होत्या.

गैरसमज : डॉल्फिनच्या ध्वनिलहरी मुलाच्या मेंदूवर काम करतात.

डॉल्फिन उच्च कंप्रतेचे ध्वनी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून आजूबाजूचा अंदाज घेतात, हे खरं. फिजिओथेरपीत अल्ट्रासाउंड वापरतात, हेही खरं. ही दोन सत्यं शेजारी ठेवली की तिसरी गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होते, आणि विकणाऱ्याला तेवढं पुरतं.

फिजिओथेरपिस्ट काय करतो ते आठवा. दुखऱ्या भागावर जेल लावून, यंत्राचं डोकं त्याच जागी काही मिनिटं फिरवत राहतो आणि अशी अनेक सत्रं घेतो. डॉल्फिनची 'टिकटिक' क्षणाच्या अगदी छोट्या अंशापुरती असते आणि तो सतत हलत असतो. फ्लोरिडातल्या एका केंद्रात जर्मन संशोधकांनी डॉल्फिन पोहणाऱ्यांभोवती नेमके कसे वागतात याची नोंद केली. २००३ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार उपचाराला लागेल इतका वेळ आणि इतक्या तीव्रतेचा ध्वनी माणसांना नियमानं मिळतच नव्हता. शिवाय ऑटिझमवर किंवा सेरेब्रल पाल्सीवर अल्ट्रासाउंडचा मारा हा प्रस्थापित उपचार नाही. डॉल्फिनला आजारी माणूस किंवा गर्भ 'दिसतो' असं धरलं, तरी म्हणून तो त्याला बरंही करतो, ही उडी तर कशाच्याच आधारावर नाही.

गैरसमज : डॉल्फिन हसतोय, म्हणजे त्यालाही हे आवडतंय.

डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच वर वळलेली असते. भाव बदलणारे चेहऱ्याचे स्नायू माणसासारखे त्याला नाहीत. तो भुकेला असो, आजारी असो, घाबरलेला असो, चेहरा तोच. किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या डॉल्फिनच्या चेहऱ्यावरही तेच हसू असतं. या एका शारीरिक योगायोगावर जगभरातलं डॉल्फिनचं व्यापारी आकर्षण उभं आहे.

एक सत्र जवळून पाहिलं तर 'आवडतंय' म्हणजे काय ते कळतं. मूल पाण्यालगतच्या फळीवर बसलेलं असतं. थेरपिस्ट त्याला दोन चित्रं दाखवून 'चेंडू कुठाय?' विचारतो. मुलानं बोट दाखवलं की प्रशिक्षक हातानं खूण करतो. डॉल्फिन येतो, तोंड वर करतो, मुलाला हात लावू देतो, कधी पर धरू देऊन चक्कर मारून आणतो. प्रशिक्षकाची शिट्टी वाजते, बादलीतला मासा डॉल्फिनच्या तोंडात पडतो. पुढचं चित्र. मग पुढचं मूल. बक्षीस मुलालाही मिळतं आणि डॉल्फिनलाही. फरक एवढाच, की डॉल्फिनला जेवण मिळवायचा दुसरा मार्ग नाही. समुद्रात तो स्वतः शिकार करतो. इथे बर्फातला मेलेला मासा माणसाच्या हातून घ्यावा लागतो. डॉल्फिनला अंगाला लागणारं पाणीही प्रामुख्यानं माशातूनच मिळतं. गोठवलेल्या माशात ते कमी पडतं, म्हणून कित्येक ठिकाणी जिलेटिनचे तुकडे भरवून किंवा नळी घालून वरून पाणी द्यावं लागतं.

साठच्या दशकात 'फ्लिपर' या अमेरिकी मालिकेनं डॉल्फिन म्हणजे माणसाचा हसरा मित्र, ही प्रतिमा घरोघर नेली. त्या मालिकेतल्या डॉल्फिनना शिकवणारे रिक ओ'बॅरी यांच्या हातांत १९७० मध्ये त्यांतली एक मादी, कॅथी, मेली. तिनं श्वास घेणं आपणहून थांबवलं असं ते तेव्हापासून सांगत आले आहेत. डॉल्फिनचा प्रत्येक श्वास जाणीवपूर्वक घेतलेला असतो हे खरं, पण मरणामागचा तिचा हेतू सिद्ध करणं शक्य नाही. तिला जवळून ओळखणाऱ्या माणसानं मात्र त्यानंतर उरलेलं आयुष्य डॉल्फिन सोडवण्यात घातलं.

गैरसमज : टाकीत खायला मिळतं, डॉक्टर असतात, शत्रू नसतात, म्हणजे तिथे ते सुखात असतात.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. अमेरिकेतल्या चांगल्या केंद्रांत डॉल्फिन आता पूर्वीपेक्षा जास्त जगतात. २०१९ च्या एका अभ्यासात तिथलं आयुर्मान समुद्रातल्या डॉल्फिनच्या तोडीचं, काही बाबतींत सरस आढळलं. अभ्यास करणाऱ्यांत डॉल्फिन पाळणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या संशोधकही होत्या, हे लक्षात ठेवू, पण म्हणून आकडे फेकून देऊ नयेत. टाकीतले सगळे डॉल्फिन झटपट मरतात, असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे वाचायला हवं.

पण थेरपीची केंद्रं सगळी अमेरिकेत नाहीत, आणि किती वर्षं जगला हा एकच प्रश्न नाही. जंगली डॉल्फिन पकडतानाचे पहिले दिवस जीवघेणे असतात. १९९५ च्या एका अभ्यासातल्या आकड्यांवरून पकडल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत मरणाचं प्रमाण सहापट होतं, असं काढलं गेलं आहे. जपानमधल्या तायजी इथे कळपाला आवाजांच्या भिंतीनं खाडीत हाकलून त्यातून देखणे, तरुण डॉल्फिन निवडून विकतात आणि उरलेल्यांतल्या अनेकांना मारतात. २००७ मध्ये सॉलोमन बेटांवरचे २८ जंगली डॉल्फिन विमानानं दुबईला नेले, ते पाम जुमेराह बेटावरच्या एका बड्या हॉटेलासाठी. दुबईला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या यादीत 'डॉल्फिनबरोबर पोहणं' असतंच. त्या डॉल्फिनचं मूळ गाव कुठलं, हा प्रश्न तिकीट काढताना कुणी विचारत नाही.

आणि हा जीव काय सोडून येतो? फ्लोरिडातल्या सारासोटाच्या उपसागरात १९७० पासून डॉल्फिनच्या पिढ्यान्पिढ्यांची नोंद ठेवली जाते आहे. तिथे साठी ओलांडलेल्या माद्या आढळल्या आहेत. आई, मुलगी, नात एकाच पाण्यात वावरतात. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची अशी एक शीळ असते, दुसऱ्यांना त्याची ओळख पटते ती तिच्यावरून. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात डॉल्फिननी आरशातलं आपलं प्रतिबिंब ओळखल्याचं सिद्ध झालं.

२०१३ मधल्या एका प्रयोगानं तर मला सुन्न केलं. टाक्यांमधल्या डॉल्फिनना त्यांच्या जुन्या सोबत्यांच्या शिळा ध्वनिमुद्रणावरून ऐकवण्यात आल्या. वीस वर्षांहून अधिक काळापूर्वी ताटातूट झालेल्या मैत्रिणीची शीळ एका मादीनं ओळखली. प्रयोग अभ्यासाच्या दृष्टीनं उत्तमच. पण तो करता आला कसा? प्रजननासाठी आणि देवघेवीसाठी डॉल्फिनना एका टाकीतून दुसरीत हलवत राहतात म्हणून. ज्या पद्धतीनं त्यांची नाती तोडली, तिच्याच नोंदींवरून ती नाती ते विसरत नाहीत हे कळलं. कितीही मोठी टाकी बांधली, पाणी कितीही स्वच्छ ठेवलं, तरी याची भरपाई होणार नाही.

गैरसमज : पकडलेला डॉल्फिन समुद्रात परत जगू शकत नाही.

प्रत्येकाला सोडता येत नाही, विशेषतः टाकीतच जन्मलेल्यांना. पण सरसकट नाही म्हणणंही चूक. तुर्कस्तानातल्या हिसारोनू इथे टॉम आणि मिशा या दोन जंगली डॉल्फिनना पर्यटकांसाठी एका घाणेरड्या, चिमुकल्या तलावात ठेवलं होतं. २०१० मध्ये 'बॉर्न फ्री' या संस्थेनं त्यांना तिथून काढून खाडीतल्या जाळीच्या कुंपणात ठेवलं, जिवंत मासे पकडायला पुन्हा शिकवलं आणि मे २०१२ मध्ये समुद्रात सोडलं. पाठीवरच्या उपग्रह टॅगमुळे ते दूरवर गेल्याचंही दिसलं. ज्यांना सोडणं शक्य नाही त्यांच्यासाठी समुद्रातच कुंपण घालून आश्रयस्थानं करायचे प्रयत्न चालू आहेत. काम खर्चिक आणि संथ आहे.

गैरसमज : भारतात डॉल्फिनला कायद्यानं 'व्यक्ती'चा दर्जा आहे.

ही बातमी दरवर्षी नव्यानं फिरते आणि आपण ती अभिमानानं पुढे पाठवतो. खरं असं, की दिल्ली, कोची, मुंबई परिसरात डॉल्फिन पार्कचे बेत शिजत होते. १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं राज्यांना परिपत्रक काढून डॉल्फिनेरियमला परवानगी देऊ नये असं बजावलं. डॉल्फिन अतिशय बुद्धिमान आणि संवेदनशील असतात, त्यांना 'अमानवी व्यक्ती' मानावं आणि करमणुकीसाठी कोंडणं नैतिकदृष्ट्या मान्य होण्यासारखं नाही, या शास्त्रज्ञांच्या मताचा त्यात उल्लेख आहे. उल्लेख आहे, दर्जा बहाल केलेला नाही. संसदेनं तसा कायदा केलेला नाही.

तरीही ते परिपत्रक किरकोळ समजू नये. व्यापारी करमणूक, प्रदर्शन यांच्या बरोबरीनं माणसाशी संपर्क घडवण्याचे कार्यक्रमही त्यानं नाकारले आहेत, म्हणजे 'थेरपी' या पाटीखाली टाकी उघडायची पळवाटही उरली नाही. यामागे एक कटू अनुभव होता. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या एका करमणूक केंद्रात बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले होते. कॅनडानं २०१९ मध्ये आणि फ्रान्सनं २०२१ मध्ये जे कायदे केले, त्या दिशेनं भारतानं आधीच पाऊल टाकलं होतं. याचा अभिमान जरूर बाळगावा, फक्त खऱ्या कारणासाठी.

गैरसमज : टाकी नको, आपल्या कोकणात होडीतून जाऊन पाहिले तर प्रश्नच मिटला.

बराचसा मिटतो, पूर्ण नाही. तारकर्ली, दापोलीचं मुरूड, गुहागर, गोव्याचं सिंकेरी, इथे दिसतात ते मुख्यतः हम्पबॅक डॉल्फिन. ही जात धोक्यात असलेल्यांच्या जागतिक यादीत आहे आणि ती किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहते, म्हणजे मच्छीमारांची जाळी, बंदरं आणि पर्यटकांच्या होड्या जिथे आहेत नेमकी तिथेच. डॉल्फिन दिसला की चारी बाजूंनी इंजिनं सुरू करून त्याच्यामागे धावायचं, 'आणखी जवळ घ्या ना भाऊ' असं पर्यटकांनीच ओरडायचं, हे प्रत्येक सुटीत चालतं. अंतर ठेवून, इंजिन मंद करून, कळपाच्या वाटेत न शिरता थांबणारे होडीवाले आहेत. पैसे त्यांना द्यावेत.

गैरसमज : एकदा करून बघायला काय हरकत आहे?

हरकत आहे. डॉल्फिन दोन-तीनशे किलोचा ताकदवान प्राणी आहे. चावा, धडक, ओरखडे हे पोहण्याच्या कार्यक्रमांत घडलेले प्रकार आहेत. समुद्री सस्तन प्राण्यांबरोबर काम करणाऱ्यांच्या एका सर्वेक्षणात निम्म्याच्या आसपास लोकांना प्राण्याकडून इजा झालेली होती, आणि ती माणसं तर प्रशिक्षित. ज्या मुलाला पटकन बाजूला होता येत नाही, दुखलं तर सांगता येत नाही, त्याच्यासाठी हा धोका अधिक.

खर्च हजारो डॉलरचा. विमान, राहणं वेगळं. तेवढ्या पैशांत आपल्या शहरात वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी कित्येक महिने चालू शकते. आणि लहान वयातला प्रत्येक महिना मोलाचा असतो. 'डॉल्फिनकडे जाऊन आल्यावर बघू' म्हणून थांबलेले सहा महिने परत मिळत नाहीत.

डॉल्फिनच्या टाकीशेजारी मुलाला जे खरोखर लाभतं, म्हणजे एका जाणकार माणसाचं अखंड लक्ष, आवडत्या गोष्टीचं बक्षीस, पाण्याचा स्पर्श, आईबाबांचा मोकळा वेळ, ते सगळं इथे उभं करता येतं. मुलाला पाणी आवडत असेल तर पोहण्याचा तलाव आहे. प्राणी आवडत असेल तर शेजारचा शांत स्वभावाचा कुत्राही चालेल. ऑटिझम 'जात' नाही, ती त्या मुलाची घडण आहे. पण बोलणं, सांगणं, खेळणं, स्वतःचं स्वतः करणं हे शिकवता येतं, आणि त्यातला मोठा भाग थेरपिस्टकडून शिकून आईवडील घरीच करतात.

पहिलं पाऊल कुठे टाकायचं, असं विचाराल तर जिल्हा रुग्णालयात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढची सोय तिथून मोफत होते. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या तपासणी पथकालाही शंका सांगता येते, तेच केंद्राकडे पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्वतंत्र समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे ओळखकार्ड काढून घ्यावं. गर्दी असते, तारखा लांबच्या मिळतात, दोन-तीन खेपा घालाव्या लागतात. तरी नाव आजच नोंदवा.